हातचा दागिना

वर्ध्याहून आर्वीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आंजी (मोठी) हे गाव लागते. गावाच्या शेजारून धाम नदी वाहते आणि सभोवार काळ्या मातीची शिवारे पसरलेली आहेत. मार्गशीर्ष लागला की या शिवारांत कापसाच्या वेचणीची एकच घाई उडते. कमरेला ओटी बांधलेल्या बाया पहाटेच्या दवातच शेताची वाट धरतात आणि दिवेलागणीच्या सुमारास पांढऱ्या कापसाची गाठोडी डोक्यावर घेऊन परत येतात. समजा, अशाच दिवसांत या गावातील एखाद्या घरी आजीचा जन्मदिवस आला आहे आणि शाळेत जाणाऱ्या तिच्या नातीला आजीला काहीतरी द्यावे असे मनापासून वाटते आहे.

पहिली अडचण जन्मदिवसाचीच. खेड्यातील जुन्या माणसांना आपली जन्मतारीख बहुधा ठाऊक नसते. पूर्वी मुलाला शाळेत घालताना बाप गुरुजींना अंदाजाने वय सांगे आणि गुरुजी दाखल्यावर १ जून किंवा १ जुलै अशी तारीख घालून मोकळे होत. त्यामुळे महाराष्ट्रातील असंख्य आजोबा कागदोपत्री एकाच दिवशी जन्मलेले आहेत! आजी तर शाळेत गेलेलीच नसते. तिचा जन्म ‘वेचणीच्या दिवसांत, संक्रांतीच्या आठ दिवस आधी’ झाला, एवढेच तिच्या आईने तिला सांगितलेले असते. तथापि एवढे पुरेसे आहे. औक्षणाचे तबक, सुपारी, अंगठी आणि निरांजन यांना तारखेचा दाखला लागत नाही.

दुसरी अडचण भेटीची. वर्ध्याच्या बाजारात चकचकीत माळा हव्या तितक्या मिळतात. परंतु नातीच्या डबीतील पैशांत येणारी माळ चार महिन्यांत काळी पडते, हे तिने थोरल्या बहिणीच्या गळ्यात पाहिलेले असते. म्हणून ती माळ स्वतःच करावयाचे ठरविते. हा विचार लहान मुलीचा असला तरी पोरकट नाही. घरच्या माणसाला घरी केलेला दागिना देण्याची चाल मराठी कुटुंबांत फार जुनी आहे.

तान्ह्या बाळाच्या मनगटांत काळ्या मण्यांच्या मनगट्या असतात. त्या पुष्कळदा आजीनेच ओवलेल्या असतात. मध्ये एखादे पोवळे किंवा सोन्याचा मणी घातला की झाले. बाळाची पहिली संक्रांत आली म्हणजे तर घरात खरोखरीच दागिन्यांचा कारखाना निघतो. हलव्याचे दागिने हा तो प्रकार होय. तीळ, साबुदाणा किंवा खसखस परातीत घेऊन ती परात मंद शेगडीवर ठेवतात आणि साखरेचा पाक चमचा चमचा घालीत बोटांच्या अग्रांनी दाणे सारखे फिरवीत राहतात. पाक थोडासा वाळला की पुन्हा चमचाभर. हे काम एका बैठकीत उरकत नाही. दोनतीन दिवस चिकाटीने केले म्हणजे दाण्यावर साखरेचे बारीक काटे उभे राहतात. घाईने पाक जास्त ओतला तर दाणे एकमेकांना चिकटून बसतात, आणि हवा दमट असली तर काटा मुळीच येत नाही. म्हणून थंडीतली कोरडी हवा यासाठी लागते. मग ते दाणे दोऱ्यात ओवून, काळ्या कापडावर टाकून, मुलासाठी मुकुट, हार आणि बासरी, तर नव्या सुनेसाठी बांगड्या, बिंदी आणि नथ करतात. केलेल्या श्रमांच्या मानाने या दागिन्यांचे आयुष्य फारच थोडे. मृगाचा पाऊस येण्यापूर्वीच त्यांना पाझर फुटतो, आणि त्याच्याही आधी मुंग्या येतात. संक्रांत जवळ असूनही आजीसाठी हा दागिना उपयोगाचा नाही, तो एवढ्याचसाठी. तिची माळ टिकाऊ हवी.

टिकाऊ म्हटले की सोने आठवते. परंतु सोन्याच्या जुन्या मराठी दागिन्यांची नावे जरा निरखून पाहण्यासारखी आहेत. बोरांच्या आकाराच्या पोकळ मण्यांची ती बोरमाळ. जोंधळ्याच्या दाण्याएवढ्या मण्यांची ती जोंधळी पोत. जवाच्या आकाराचे ते जवमणी. सोनाराने आपल्या मण्यांसाठी घाट घेतले ते रानातून आणि शेतातून. सोने वितळविण्याची विद्या माणसाला साध्य होण्याच्या कितीतरी आधी त्याने बिया, शिंपा आणि हाडांचे तुकडे ओवून गळ्यात घातले होते. तेव्हा बियांची माळ म्हणजे सोन्याच्या माळेची गरीब नक्कल, अशी समजूत असेल तर ती उलटी आहे. नक्कल केली ती सोन्याने.

सोन्याच्या दागिन्याची आणखी एक गोष्ट कापसाच्या मुलखात सर्वांना ठाऊक असते, जरी ती फारशी बोलली जात नाही. आजीच्या गळ्यात एके काळी एकदाणी असते. मग एखाद्या वर्षी पाऊस लांबतो, दुबार पेरणीची पाळी येते, बियाण्याला पैसे नसतात, आणि ती एकदाणी सावकाराच्या तिजोरीत जाते. कधी ती दिवाळीनंतर सुटून येते. कधी व्याजच मुदलाहून मोठे होते आणि ती येत नाही. शेतकऱ्याच्या घरचे सोने हा एकाच वेळी दागिना आणि पेरणीची ठेव असतो. ते अंगावर घालताना बाईच्या मनात ही गोष्ट असतेच. नातीने केलेल्या माळेवर कोणी सावकार छदाम देणार नाही, आणि म्हणूनच ती आजीच्या गळ्यातून कोणी काढून नेणार नाही.

माळेसाठी पहिली गरज मण्यांची. ओढ्याकाठी आणि पाणथळ जागी रानजोंधळा नावाचे एक उंच गवत वाढते. त्याला कसई असेही म्हणतात. त्याची पाने मक्यासारखी दिसतात. पावसाळा संपला की त्याला टपोरे, गुळगुळीत, राखी किंवा मोतिया रंगाचे दाणे येतात. आकार डोळ्यांतून ओघळणाऱ्या आसवासारखा. दाण्याचे हे कठीण चकचकीत कवच वास्तविक बी नव्हे. ते पानाच्याच एका भागाचे बदललेले रूप असून खरी बी त्याच्या आत असते. ओवणाऱ्याच्या दृष्टीने याची मौज अशी की निसर्गाने या मण्याला भोक पाडूनच ठेवलेले आहे. फुलाचा देठ या कवचातून आरपार गेलेला असतो. वाळलेला देठ सुईने ओढून काढला की मणी तयार. ईशान्य भारतातील डोंगरी लोकांच्या पेहरावात आणि दागिन्यांत हे मणी पुष्कळ वापरले जातात. सगळे दाणे झाडावरच वाळू द्यावेत. हिरवे तोडले तर पुढे सुरकुततात.

खरबूज, टरबूज आणि भोपळा यांच्या बिया दुसऱ्या प्रकारच्या. त्या मऊ असल्याने जाड सुईनेही टोचता येतात. मात्र आधी धुऊन त्यांचा बुळबुळीतपणा घालवावा लागतो आणि सावलीत वाळवाव्या लागतात, नाहीतर आतून बुरशी धरते. चिंचोक्याचा तपकिरी रंग पाहून त्याचा मोह पडतो. पण तो इतका टणक असतो की हाताने भोक पाडताना सुई घसरून बोटात शिरण्याचीच भीती अधिक. भिजविला तर त्याची साल सुटते आणि रंगच जातो. चिंचोके चौकटीच्या पटावर खेळण्यासाठी ठेवलेले बरे.

येथे एका बीविषयी जरा थांबून सांगितले पाहिजे. गुंजेइतकी देखणी बी दुसरी नाही. लालभडक अंग आणि टोकाला काळा ठिपका. ती इतकी एकसारखी भरते की सोनार पिढ्यान् पिढ्या तिनेच सोने तोलीत आले. आठ गुंजांचा एक मासा आणि बारा माशांचा एक तोळा, म्हणजे ९६ गुंजांचा तोळा. आजच्या मापाने तोळा ११.६६ ग्रॅम धरला तर एका गुंजेचे वजन सुमारे ०.१२ ग्रॅम येते. ही बी माळेत शोभेल यात शंका नाही, आणि पुष्कळ ठिकाणी ती ओवलीही जाते. परंतु गुंजेच्या गाभ्यात अॅब्रिन नावाचे अत्यंत जहाल विष असते. बीचे कवच शाबूत असेल तोवर विष आत कोंडलेले राहते. भोक पाडले की ती तटबंदी फुटते. टोचलेली गुंज लहान मुलाने चघळली, तर प्राणावर बेतू शकते. ज्या घरात रांगते मूल आहे, जे हाती लागेल ते तोंडात घालते, त्या घरात आजीच्या गळ्यात गुंजांची माळ असणे म्हणजे पाळण्यावर विंचू टांगणेच होय. एरंडी आणि कण्हेरीच्या बियाही अशाच वर्ज्य समजाव्यात. बिब्ब्याच्या तेलाने तर अंगावर फोड उठतात. रानातली वस्तू म्हणजे निरुपद्रवी वस्तू, असा भाबडा समज करून घेणे बरे नव्हे.

मध्ये मध्ये घालावयाचे मोठे मणी मातीचे करता येतात. आंजीच्या शेतातील काळी माती मात्र या कामी कुचकामाची. तीच माती कपाशीला पाणी धरून ठेवते म्हणून शेतकरी तिला जपतो. पण ओली झाली की फुगणे आणि वाळली की आक्रसणे हा तिचा स्वभाव आहे. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिचा मणी करून वाळविला तर तोही तसाच तडकतो. म्हणून कुंभार शेतातली माती घेत नाही. तळ्याचा किंवा नदीचा गाळ घेऊन त्यात राख, बारीक रेती किंवा लीद मिसळतो. ही भर घातल्याने माती कमी आक्रसते आणि आतल्या पाण्याला बाहेर पडण्यास वाट मिळते. कुंभाराकडून अशी मळलेली माती मूठभर मागून आणावी. तळहातांत गोळी वळावी आणि खराट्याच्या काडीने तिला भोक पाडावे. काडी घुसविताना ती फिरवीत न्यावी, दाबीत नेऊ नये. दाबली तर गोल गोळीची चपटी टिकली होते.

वाळविण्यात उतावळेपणा चालत नाही. मणी उन्हात ठेवले तर वरची माती झपाट्याने वाळून आक्रसते, आतली ओलीच राहते, आणि या ओढाताणीत मणी फुटतो. सावलीत आठवडाभर वाळल्यावर ते कुंभाराच्या आव्यात एखाद्या मडक्यात घालून भाजावयास द्यावेत. चुलीच्या निखाऱ्यात भाजलेले मणी वरून भाजल्यासारखे दिसतात खरे. पण पाण्यात टाकले की त्यांतील पुष्कळांची पुन्हा माती होते. मातीच्या कणांशी जखडलेले पाणी निघून जाऊन ती कायमची कठीण होण्यास सुमारे ६०० अंश सेल्सिअस उष्णता लागते, आणि ती काही वेळ टिकावी लागते. आव्यात हवा मोकळी खेळली तर मातीतील लोहामुळे मणी तांबडे होतात. धूर कोंडून ठेवला तर तेच काळे निघतात. एकाच मातीतून दोन रंगांचे मणी मिळतात ते असे.

ही युक्ती विदर्भातील माणसांना निदान अडीच हजार वर्षांपासून माहीत आहे. आंजीवरून जाणारी धाम नदी पुढे पवनारला पोचते. पवनार येथे १९६७ साली नागपूर विद्यापीठाच्या वतीने शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर यांनी उत्खनन केले. विदर्भातील अशा प्राचीन वसाहतींतून आणि मोठ्या शिळांची वर्तुळे रचलेल्या दफनांतून जी मडकी सापडतात, त्यांत काळ्या आणि तांबड्या अशा दोन्ही रंगांचे भांडे हे एक ठळक लक्षण आहे. नागपूरजवळच्या माहूरझरी या गावाची तर मण्यांबद्दलच ख्याती. तेथे प्राचीन काळी अकीक, कार्नेलियन अशा रंगीत दगडांचे मणी घडविण्याचा मोठा उद्योग होता. तयार मण्यांबरोबर अर्धवट घडलेले आणि घडविताना फुटलेले मणीही तेथे सापडतात, आणि कारखाना तेथेच होता हे त्यांवरून कळते. फुटका मणी कोणी दूरदेशाहून विकत आणीत नाही. दगडी मण्याला भोक पाडणे हे सर्वांत अवघड काम. ते एकाच बाजूने शेवटपर्यंत पाडू गेले तर पलीकडचा कपचा उडतो, म्हणून दोन्ही बाजूंनी अर्धे अर्धे पाडून मध्ये मिळवीत. हे रंगीत दगड ज्या काळ्या कातळाच्या पोकळ्यांत तयार होतात, त्याच कातळाची झीज होऊन विदर्भाची काळी माती झाली आहे. कपाशी आणि अकीक ही एका अर्थी एकाच दगडाची लेकरे आहेत.

मणी झाले; आता दोरा. येथे आंजीच्या मुलीला दूर जाण्याचे कारण नाही. घरातल्या कापसातून मूठभर टपोरी बोंडे निवडावीत. त्यांतील सरकी बोटांनी काढता येते. काम थोडे आहे म्हणून ते जमते. मग रुई हातांनी मोकळी करून, पिंजून तिचे पेळू वळावेत आणि टकळीवर सूत कातावे. प्रथम सूत कुठे जाड, कुठे बारीक येते आणि दहादा तुटते. टकळी फिरविणे आणि हात वर नेणे यांचा मेळ बसावा लागतो, आणि तो सांगून समजत नाही; हातालाच एके दिवशी कळतो.

एकेरी सूत मणी ओवण्यास पुरेसे नसते. त्यात कातताना भरलेला पीळ सुटण्यासाठी धडपडत असतो, म्हणून ते सैल सोडताच स्वतःभोवतीच गुंडाळते. यावरचा उपाय असा की दोन किंवा तीन सुते एकत्र घेऊन त्यांना कातताना दिलेल्या पिळाच्या उलट दिशेने पीळ द्यावयाचा. प्रत्येक सूत एकीकडे सुटू पाहते, त्यांची जोडी दुसरीकडे सुटू पाहते, आणि या दोन ओढी परस्परांना अडवून धरतात. असा दोरा निमूट सरळ लोंबतो. बैलांच्या दोरखंडापासून देवाच्या वातीपर्यंत हेच एक तत्त्व आहे. शेवटी दोऱ्यावरून मेण फिरवावे, म्हणजे तंतू बसतात आणि मणी सरकताना दोरा झिजत नाही.

दोरा रंगवावयाचा तर हळद सर्वांत सोपी. मात्र तिचे दोन दोष आहेत. ती उन्हाने उडते, आणि साबणाचे पाणी लागताच लाल होते. हळदीला खार लागला की तिचा रंग पालटतो. हळदीचे कुंकू करतात ते याच गुणामुळे. पिवळा दोरा मोठ्या हौसेने करावा आणि आजीने स्नान करताना तो गळ्यातच ठेवावा, म्हणजे दुपारपर्यंत दोऱ्यावर तांबडे डाग! त्यापेक्षा हिरड्याच्या काढ्यात दोरा भिजवून नंतर तो गंजलेले खिळे आणि गूळ घालून आंबविलेल्या पाण्यात बुडवावा. हिरड्यातील तुरट द्रव्य आणि लोह यांचा संयोग होऊन पक्का काळा रंग येतो. राखी मणी आणि तांबड्या मातीचे मणी काळ्या दोऱ्यावर शोभतातही अधिक.

सुताचा उल्लेख झाला म्हणजे वर्धा जिल्ह्यात एक जन्मदिवस आठवल्यावाचून राहत नाही. महात्मा गांधी १९३६ साली वर्ध्याजवळच्या शेगाव या खेड्यात राहावयास आले. पुढे त्याच गावाचे नाव सेवाग्राम पडले. त्यांचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ चा. तिथीने तो भाद्रपद वद्य द्वादशीला येतो. गुजरातेत हा दिवस रेंटिया बारस म्हणून ओळखला जातो. रेंटियो म्हणजे चरखा. आपला जन्मदिवस साजरा करावयाचाच असेल तर तो चरख्याचा म्हणून करावा, अशी त्यांची इच्छा होती. म्हणून त्या दिवशी लोक सूत कातीत आणि ती कातलेली गुंडी हीच भेट असे. गुंडीचे माप ठरलेले होते. चार फुटांची एक तार, १६० तारांची एक लटी आणि चार लटींची, म्हणजे ६४० तारांची, एक गुंडी. हिशेब केला तर एका गुंडीत २५६० फूट सूत होते. अडीच हजार फूट सूत कोणी दुसऱ्याच्या वतीने चटकन विकत आणून दिले, तर ती भेट ठरत नसे. देणाऱ्याच्या हातातून त्यातला फूटन् फूट गेलेला असला पाहिजे. सभांमधून पुष्पहाराऐवजी सुताचा हार घालण्याची चाल पडली तीही याच विचाराने. फुले संध्याकाळी कोमेजतात; सुताचे हार विणकराकडे गेले की त्यांचे कापड होते.

गांधीजींना सोन्याची भेटही मिळाली होती. १९०१ साली ते दक्षिण आफ्रिकेतून भारतात परत यावयास निघाले, तेव्हा तेथील लोकांनी त्यांना सोन्याचांदीच्या आणि हिऱ्यांच्या वस्तू दिल्या. कस्तुरबांसाठी ५० गिन्यांचा सोन्याचा हार होता. तो परत करावयास कस्तुरबा सहजासहजी तयार झाल्या नाहीत. आपल्या सुनांसाठी तो ठेवावा, असे त्यांचे म्हणणे होते, आणि ते एका गृहिणीच्या दृष्टीने मुळीच गैर नव्हते. गांधीजींनी या प्रसंगाची हकीकत आपल्या आत्मकथेत प्रांजळपणे दिली आहे. अखेरीस त्या साऱ्या वस्तू लोकसेवेसाठी विश्वस्तांच्या हवाली झाल्या. पुढे १९४७ च्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या राजकन्या एलिझाबेथ यांचा विवाह झाला तेव्हा त्यांना गांधीजींकडून गेलेली भेट होती स्वतः कातलेल्या सुताची विणलेली जाळीदार चौकट. ज्या घराण्याच्या मुकुटात जगातील निवडक हिरे होते, त्या घराण्याला ती भेट गेली. काहींना ती विचित्र वाटली. परंतु हिऱ्यांच्या राशीत आणखी एक हिरा टाकला असता तर तो कोणाच्या लक्षात राहिला असता?

आता ओवण्याचे काम. हेही एक शास्त्र आहे, आणि ते जाणणारे पटवेकरी गावोगावच्या बाजारांत बसत. सोनार मणी घडवी. पण ते रेशमात ओवून, गाठी मारून, गोंडा लावून अंगावर घालण्याजोगा दागिना करी तो पटवेकरी. याला दागिना पटविणे किंवा गाठविणे म्हणतात. पटवेकऱ्याचा मुख्य नियम असा की प्रत्येक दोन मण्यांच्या मध्ये गाठ हवी. गाठीमुळे मणी मण्यावर घासत नाही. आणि दोरा तुटलाच तर एकच मणी गळतो, सगळी माळ अंगणभर विखुरत नाही.

माळेची लांबी आधी मापावी. गळ्याभोवती सैल दोरा धरून पाहिला आणि तो ६० सेंटिमीटर भरला असे समजू. मणी ८ मिलिमीटरचा आणि गाठ २ मिलिमीटरची धरली, तर एका मण्याला १० मिलिमीटर जागा लागते आणि माळेत ६० मणी बसतात. दर पाच कसईच्या मण्यांमागे एक मातीचा मणी घालावयाचा असेल, तर सहा मण्यांचे दहा गट होतात. म्हणजे कसईचे ५० आणि मातीचे १० मणी लागतील. मातीचे मणी थोडे मोठे वळले असतील तर त्या मानाने कसईचे दोनचार कमी करावेत. गाठींत दोरा पुष्कळ खर्च होतो, म्हणून तो माळेच्या लांबीच्या तिप्पट तरी घ्यावा. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्यास भरलेल्या शिक्षण परिषदेत मुलांचे शिक्षण हातच्या उद्योगातून व्हावे असा विचार मांडला गेला आणि त्यातून नई तालीम उभी राहिली, ती अशाच हिशेबांच्या भरवशावर. पाटीवरचे चुकलेले गणित पुसता येते. चुकलेली माळ मात्र गळ्याला आखूड होते आणि पुन्हा उसवावी लागते. ती उसविताना गणित चांगले लक्षात राहते.

गाठ मण्याला अगदी चिकटून बसावी यासाठी एक सोपी युक्ती आहे. सैल गाठ मारून तिच्यात सुई घालावी, सुईच्या टोकाने गाठ सरकवीत मण्यापर्यंत न्यावी आणि मग सुई काढून दोरा ओढावा. पहिल्या दहा गाठी वेड्यावाकड्या येतात. त्या माळेच्या मागच्या बाजूस, मानेकडे येतील अशा रीतीने आरंभ करावा; पुढच्या बाजूपर्यंत येईतो हात बसलेला असतो. दोन्ही टोके एकमेकांवर सरकणाऱ्या गाठींनी बांधावीत, म्हणजे म्हातारीच्या थरथरत्या बोटांना फासा किंवा मळसूत्र शोधावे लागत नाही; माळ डोक्यावरून घालावी आणि टोके ओढून हवी तेवढी आवळावी. उरलेल्या सुताचा लहानसा गोंडा करून शेवटी लावावा.

या सगळ्याला किती दिवस लागतात? मातीचे मणी वाळण्यास एक आठवडा. कुंभाराचा आवा लागेपर्यंत आणखी काही दिवस, कारण आवा मुलीच्या सोयीने पेटत नाही. सूत कातण्यास शाळा सुटल्यानंतरच्या पाचसहा संध्याकाळी. रंग आणि वाळवण दोन दिवस. ओवणे दोन दिवस. एकूण महिन्याभराचे काम, आणि तेही आजीच्या नजरेआड करावयाचे. हे शेवटचे सर्वांत कठीण; कारण टकळी कशी धरावी, हे घरात एकट्या आजीलाच माहीत असण्याचा संभव असतो. तेव्हा तिलाच विचारावे लागते, आणि कशासाठी हे मात्र सांगावयाचे नाही. आजीला सारे कळलेले असते. ती काही बोलत नाही. फक्त तुटलेला पेळू नातीच्या हातून घेऊन जोडून देते.

माळ वापरात आल्यावर तिची निगा थोडकी. कसईचे मणी पाण्याने बिघडत नाहीत. खरबुजाच्या बियांची सर मात्र ओली होऊ देऊ नये. पावसाळ्यात डबीत वाळलेला कडुनिंबाचा पाला घालावा, म्हणजे बियांना कीड लागत नाही. दोनतीन वर्षांनी दोरा झिजतो, तेव्हा मणी काढून नव्या दोऱ्यात गाठवावेत. मूळचे मणी करतानाच आठदहा जास्तीचे करून ठेवावेत, त्यांतले दोन मातीचे. आजी शेतात गेली आणि एखादा मणी कपाशीच्या ओळीत गळला, तर काळ्या मातीतून तो पुन्हा सापडावयाचा नाही.